आधी सांगायचं, मग गायचं

कारखान्याचं गाळप सुरू झालं की आमच्या श्रीरामपुरात दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडायला लागते. बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जळतं, त्याचे काळे हलके तुकडे वाऱ्यावर तरंगत येतात आणि नेमका पांढरा सदरा शोधून त्यावर बसतात. ही काजळी हाताने झटकायची नाही, हे इथल्या प्रत्येक बाईला पाठ असतं. झटकली की ती पसरते, आणि मग कुठल्याही साबणाला दाद देत नाही. तिच्यावर फक्त फुंकर घालायची. हिवाळ्यातल्या सकाळी आई आणि मी दोरीच्या दोन बाजूंना उभ्या राहून बाबांच्या सदऱ्यांवर फुंकर घालत असू. शेजारपाजारच्या बायका त्या वेळी तुळशीला पाणी घालत. आमच्या अंगणात तुळस होती, पण ती चहात टाकायला.

यंदाचं गाळप सुरू झालं तेव्हा मी पुन्हा त्याच दोरीपाशी उभी होते. श्रावणात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. पुण्यातल्या कंपनीला सांगून मी घरून काम मागून घेतलं आणि इथे येऊन राहिले. बाबा आता सकाळी अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत उन्हाला बसतात. डोक्याला माकडटोपी, मांडीवर ठेवलेला उजवा हात, आणि तोंडात एकच शब्द. ‘ते.’ पाणी हवं असलं तरी ‘ते’, राग आला तरी ‘ते’. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. ज्या माणसाने जन्मभर फक्त बोलून काम केलं, त्याच्या वाट्याला नेमकं हे यावं, याला गल्लीतले लोक नशीब म्हणतात. कोणी कुजबुजत देवाची करणी असंही म्हणतात. बाबांनी ऐकलं तर त्यांना उठून उत्तर द्यावंसं वाटत असणार, याची मला खात्री आहे.

बाबा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि रविवारी गावोगाव जाऊन बुवाबाजी उघडी पाडायचे. नारळातून करणी काढून दाखवायची, पाण्याने दिवा पेटवायचा, जिभेवर कापूर जाळायचा, आणि मग ते कसं केलं ते समजावून सांगायचं. त्यांची एक पत्र्याची पेटी असे, तिला रसायनांचा वास येई. त्या पेटीला हात लावायचा नाही, एवढी एकच पवित्र गोष्ट आमच्या घरात होती. मूळचे ते जामखेडकडचे, कोरडवाहू रानातले. शिकून वर आलेले. आईशी लग्न रजिस्टर केलेलं. आई त्यांना नावाने हाक मारायची, ‘अरुण’, आणि गल्लीला आमच्या नास्तिकपणापेक्षा त्याचंच जास्त नवल होतं.

जेवताना आमच्याकडे एक खेळ चालायचा. कोणीही काहीही विधान करायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं, ‘कशावरून?’ मी म्हणायची, आज कालपेक्षा जास्त थंडी आहे. कशावरून? आई म्हणायची, भाजी चांगली झालीय. कशावरून? बाहेरून कोणी जेवायला आलं की त्याला गंमत वाटे. मलाही वाटायची, आठवीत जाईपर्यंत.

आई-बाबा नेहमी अभिमानाने सांगायचे की आम्ही मुलीवर काहीही लादत नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही कोणी म्हटलं, तर मी विषय बदलते. लादणाऱ्या आईबापांशी भांडता तरी येतं. रडता येतं, रुसून बसता येतं, आजीच्या पदराआड लपता येतं. जे काहीच लादत नाहीत, त्यांच्यापुढे आपली बाजू मांडावी लागते. आणि तेरा वर्षांच्या मुलीने प्राध्यापकापुढे बाजू मांडायची म्हणजे निकाल आधीच लागलेला असतो.

आठवीत माझ्या बाकावर रूथ साळवे बसायची. तिचे वडील शमुवेल काका रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात होते आणि कॅनॉलच्या अलीकडच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे. गाळप सुरू झालं, थंडी पडली, की चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत पोरांची कॅरलची तालीम सुरू व्हायची. नाताळाच्या आधी संध्याकाळी घरोघर जाऊन दारात गाणी म्हणायची, त्याची तयारी. रूथ मला एकदा नुसती बसायला म्हणून घेऊन गेली.

ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. जमिनीवर सतरंजी, कोपऱ्यात पाचटाचा भारा, कारण येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीचं छप्पर उसाच्या पाचटाचं करायचे. भिंतीला रंगीत कागदाच्या अर्धवट चिकटवलेल्या चांदण्या, खळीचा वास, त्यात बाहेरून येणारा कारखान्याच्या मळीचा वास, आणि स्टोव्हवर उकळणारा आल्याचा चहा. पोरं एकमेकांना चिकटून बसलेली, कारण पत्र्यातून गारठा यायचा. मी दारातच उभी राहिले. आमच्या घरी आम्ही तिघं तीन खुर्च्यांवर बसायचो, आपापलं पुस्तक घेऊन. इतकी माणसं इतकी जवळ बसलेली मी फक्त एसटीत पाहिली होती, आणि तिथे कोणी गात नसे.

‘ये की आत, लाजती काय?’ रूथची आई म्हणाली आणि तिने मला दोन पोरींच्या मध्ये बसवून वरून एक शाल टाकली.

गाणं शमुवेल काकांनी स्वतःच रचलेलं होतं.

‘कडी काढा गं, कडी काढा,
दारी उभा पाहुणा;
गाईनं दिली गोठ्यात जागा,
तुम्ही तरी आत घ्या ना.’

मी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. चौथ्या दिवशी काकांनी पेटीवरची बोटं थांबवली आणि विचारलं, ‘कोन गातंय गं मागून?’ मला वाटलं, आता उठवतात. पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. काका म्हणाले, ‘फुडं ये, बाळ. पैली ओळ तू घे. एकटीनं. मंग समदे उचलतील.’

‘पाहुणा’ या शब्दावर माझा आवाज आपोआप थोडा वर जाऊन वळायचा. चालीत ते नव्हतं. काकांनी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं आणि म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे. ते तुझं हाय.’ माझं असं काही असतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या घरात सगळ्या गोष्टी सिद्ध झालेल्या होत्या, पण माझं म्हणून काही निघालेलं नव्हतं.

मग मी घरी गायला लागले. न्हाणीघरात, गच्चीवर, गृहपाठ करताना. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे बाबांची अभ्यासाची खोली होती. भिंतीपलीकडून कधीच काही आवाज आला नाही, ना थांब म्हणून, ना वा म्हणून. मला वाटायचं, ते वाचत असतील.

मला देव नको होता, हे मला आज ठामपणे लिहायचं आहे. तेव्हाही नको होता आणि आजही नको आहे. येशू जन्मला की नाही, तारा दिसला की नाही, याच्याशी मला काही कर्तव्य नव्हतं. मला ती शाल हवी होती. दारात उभं राहिल्यावर आतून कोणीतरी कडी काढतंय, तो आवाज हवा होता. ‘आमची प्रज्ञा पैली ओळ घेते,’ असं रूथची आई शेजारणीला सांगायची, त्यातलं ‘आमची’ हवं होतं. पण हे तेव्हा मला मांडता आलं नाही. कशावरून, असं कोणी विचारलं असतं तर मी काय पुरावा देणार होते?

जेवताना मी सांगून टाकलं. नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये कार्यक्रम आहे, मी गाणार आहे, आणि त्यानंतर त्यांच्याबरोबर घरोघर फिरणार आहे.

बाबांनी ताटातला घास संपवला. रागावले नाहीत. ते कधीच रागवत नसत. ‘जा की,’ म्हणाले. ‘गाण्याला माझी ना असायचं कारण काय?’

मी इतकी खूश झाले की भाकरी तशीच ठेवून उठणार होते.

‘बस,’ बाबा म्हणाले. ‘तू गाणार ते खरं आहे असं तू मानतेस?’

‘नाही.’

‘समोर बसलेले लोक काय समजतील?’

मी भाकरीचा तुकडा मोडला.

‘ते समजतील की तू मानतेस. म्हणजे त्यांची फसवणूक होईल. या घरात एकच नियम आहे, प्रज्ञा.’

‘खोटं बोलायचं नाही,’ मी म्हणाले.

‘मग सोपं आहे. आधी सांगायचं, मग गायचं. उभं राहायचं, नमस्कार करायचा आणि सांगायचं की मी जे गाणार आहे ते खरं आहे असं मी मानत नाही, मला फक्त गायला आवडतं. बस. मग खुशाल गा. आम्ही दोघं ऐकायला येऊ.’

मी आईकडे पाहिलं. माझी सगळी आशा आता तिच्यावर होती. आई लिंबू पिळत होती. ‘यात वाईट काय आहे?’ ती म्हणाली. ‘उलट त्यांना तुझा आदरच वाटेल. आणि तुला नको असेल तर नको जाऊस. आम्ही काही लादत नाही.’

आता सांगा, याच्यापुढे काय बोलायचं? मी ढळाढळा रडले, तर बाबांनी शांतपणे विचारलं की रडण्याने मुद्दा कसा बदलतो. मी म्हणाले, बाकीच्या मुली असं सांगत नाहीत. ते म्हणाले, बाकीच्या मुली मानत असतील, तू विचारून बघ. त्यांच्या बोलण्यात चूक सापडत नसे. माझ्या बापाच्या बोलण्यात जन्मात कधी चूक सापडली नाही.

त्याच आठवड्यात जामखेडची आत्या राहायला आली. हातात बोरांची पिशवी, हरभऱ्याच्या घाट्यांची जुडी. तिला कोणीतरी वाटेतच बातमी दिली होती. उंबऱ्यात पाय धुता धुताच तिने सुरुवात केली. ‘काय गं पोरी, चर्चात गाती म्हनं तू? आमच्या देवळात कदी पाय ठिवला न्हाईस, आन् चर्चात गाती व्हय?’

‘अक्का, तुझ्या देवळात गायली असती तरी तिला हेच सांगायला लावलं असतं,’ बाबा म्हणाले.

‘काय सांगाया लावलंय?’

बाबांनी सांगितलं. आत्या पायावर पाणी ओतायची थांबली. ती देवभोळी बाई, अंगात येणाऱ्या बाईच्या पाया पडणारी, बाबांच्या व्याख्यानांत ‘माझी सख्खी बहीणच बघा’ म्हणून येणारी. तिचा चर्चला विरोध होता आणि तो काही बरा म्हणण्यासारखा नव्हता. तरी ती एवढंच म्हणाली, ‘अरुण, लेकरू हाय रे ते.’ बाबा हसले. आत्याला वाद घालता येत नसे, त्यामुळे तिचं बोलणं आमच्या घरात धरलं जात नसे.

मी शमुवेल काकांना आधी सांगायला हवं होतं, असं आज वाटतं. पण काय सांगणार होते? रोज तालमीला जात होते, चहा पीत होते, शालीत बसत होते, आणि ते एक वाक्य कोणालाच सांगितलेलं नव्हतं. चाल पाठ होती, शब्द पाठ होते, आणि आता हेही पाठ झालं होतं. मनातल्या मनात मी ते गाण्याच्याच चालीवर म्हणून पाहिलं. बसलं नाही.

रविवारी दुपारी चर्च भरलेलं होतं. खिडक्यांमधून तिरपं ऊन येत होतं, बायकांच्या केसांत शेवंती होती, पुढे पाचटाची गव्हाण आणि तिच्यावर आम्ही केलेली मोठी चांदणी. रूथच्या आईने मला तिची पांढरी ओढणी दिली होती. आई-बाबा अगदी शेवटच्या बाकावर बसले होते. बाबांनी पांढरा सदरा घातला होता आणि हातांची घडी घातली होती. सगळे प्रार्थनेला डोळे मिटत तेव्हा ते दोघं उघड्या डोळ्यांनी समोर बघत. मीही उघडेच ठेवले होते, त्यामुळे आमची एकमेकांशी नजरानजर होत होती.

काकांनी पेटीवर सूर धरला. मी पुढे झाले. मी बाबांकडे पाहिलं. अजूनही त्यांनी नुसती मान हलवली असती, राहू दे म्हणून, तरी चाललं असतं. त्यांनी मान हलवली, पण ती ‘सांग’ म्हणून.

मी सांगितलं. नमस्कार करून, स्पष्ट आवाजात, वाक्यात कुठेही न अडखळता. मी काही भित्री नव्हते. ‘मी जे गाणार आहे ते खरं आहे असं मी मानत नाही. मला फक्त गायला आवडतं.’

कोणी ओरडलं नाही. एक म्हातारे गृहस्थ खोकले. बायकांच्या बाजूने कोणीतरी ‘अगं बाई’ म्हटलं. रूथच्या आईने मान खाली घातली आणि मांडीवरच्या रुमालाचं टोक दुमडायला लागली. पेटीचा सूर बंद पडला होता. मग शमुवेल काकांनी भाता पुन्हा ओढला आणि तोच सूर दिला. ‘घे, बाळ,’ ते हळूच म्हणाले. ‘सूर घे.’

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मला गाणं येत होतं, शब्द समोर दिसत होते, घसा ठणठणीत होता, आणि आवाज नव्हता. काकांनी पुन्हा सूर दिला. तिसऱ्यांदा दिला. मग मागून रूथने पहिली ओळ उचलली, साधी, तो वळसा न घेता, आणि सगळ्यांनी तिच्यामागे गाणं नेलं. मी पुढे एकटी तशीच उभी राहिले, कारण परत मागे जायला कोणी वाटच ठेवली नव्हती.

बाहेर आल्यावर रूथने ओढणी मागितली. मी दिली. ती म्हणाली, ‘मंग तू आमच्यात आलीच कशाला? गंमत बघायला?’ तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. शाळेत तिने बाक बदलला. त्या आठवड्यात कॅरलची पोरं संध्याकाळी आमच्या गल्लीत आली. शेजारच्या दारात गायली, पलीकडच्या दारात गायली आणि आमचं दार सोडून गेली. त्यात अपमान नव्हता, हे सगळ्यात वाईट. आम्हाला त्रास नको म्हणून त्यांनी आमचं दार सोडलं होतं. मी खिडकीच्या आत उभी होते. गळ्यात अडकवलेली पेटी वाजवत चाललेल्या काकांनी वर पाहिलं की नाही, ते मला अंधारल्यामुळे कळलं नाही.

आणि बाबा? बाबा खूश होते. घरी येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे ते क्वचितच करत. ‘मोठ्या माणसांना जमत नाही ते तू केलंस,’ म्हणाले. गाणं झालं नाही, हे त्यांच्या बोलण्यात कुठेच आलं नाही.

त्यानंतर माझी गोष्ट त्या पत्र्याच्या पेटीत जाऊन बसली. नारळातली करणी, पाण्यावरचा दिवा आणि मी. पारनेरच्या शाळेत, सुप्याच्या कारखान्यातल्या कामगारांपुढे, कुठल्या कुठल्या गावच्या पारावर, प्रयोग संपले की बाबा सांगायचे, ‘माझी मुलगी तेरा वर्षांची. भर चर्चमध्ये उभी राहिली आणि म्हणाली...’ टाळ्या पडायच्या. सुट्टीत मला बरोबर न्यायचे आणि उभं करायचे. लोक माझ्याकडे बघायचे, कौतुकाने. काही गावांत टाळ्या जरा जास्तच जोरात पडायच्या, कारण जागा चर्चची होती. तिथे बाबा लगेच म्हणायचे, ‘देवळात असती तरी हेच म्हणाली असती,’ आणि त्या टाळ्या विरायच्या. तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता, आणि त्याचा मला तेव्हा भयंकर संताप यायचा. इतका न्यायी माणूस माझ्याशी एकदाही अन्यायाने प्रेमळ वागू शकला नाही.

मी पुन्हा गायले नाही. कॉलेजच्या सहलीत नाही, मैत्रिणींच्या लग्नात नाही, स्वयंपाक करतानाही नाही. लोकांना वाटतं, मला गाण्यात रस नाही. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

तर यंदाचं गाळप. बाबांसाठी नगरहून दर गुरुवारी एक स्पीच थेरपिस्ट येतात. तरुण, हसऱ्या, पोनीटेल बांधणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की अशा पेशंटना बोलता येत नाही पण कधीकधी गाता येतं. गाणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, आणि त्या वाटेने मग हळूहळू शब्दही आणता येतात. ‘काकांना कुठली गाणी पाठ आहेत?’ त्यांनी विचारलं.

आमच्या घरात गाणंच नव्हतं. बाईंनी आरती म्हणून पाहिली, ती म्हणे सगळ्यांनाच येते. बाबांनी तोंड फिरवून घेतलं आणि ‘ते!’ म्हणाले, तेव्हा त्याचा अर्थ अगदी स्वच्छ कळला. शाळेतली प्रार्थना झाली, सिनेमातली जुनी गाणी झाली, अंगाई झाली. काही नाही. ‘काहीतरी असेलच,’ बाई जाताना म्हणाल्या. ‘प्रत्येकाच्या आत एखादं तरी असतंच. सापडलं की मात्र मध्ये टोकू नका हं. गाऊ द्या. पहिला सूर द्या आणि गाऊ द्या.’

परवाची सकाळ. शेजारच्यांनी त्यांच्या दारावर चांदणी लावली होती, हिरव्या-लाल कागदाची. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. मी दोरीवर कपडे घालत होते आणि बाबा माझ्या मागे खुर्चीत होते. आणि मागून आवाज आला.

‘कडी काढा गं, कडी काढा, दारी उभा पाहुणा...’

शब्दन् शब्द स्पष्ट. घोगरा, म्हातारा, पण सुरात. आणि ‘पाहुणा’वर तो आवाज वर गेला आणि वळला. माझ्यासारखा. चालीत नसलेला, माझा वळसा. तो काकांनी ठेवला होता, रूथने गाळला होता, आणि मी पुन्हा कधी घेतला नव्हता. तो एकाच ठिकाणी ऐकता आला असता. भिंतीच्या पलीकडून, रोज, पुस्तक उघडं ठेवून.

आई कणकेच्या हातांनी धावत बाहेर आली. ‘अरुण! अरे, बोललास!’ ती रडत होती, हसत होती, तिने त्यांचं तोंड कणकेच्या हातांत धरलं. ‘प्रज्ञा, अगं ऐकलंस का? अख्खी ओळ! म्हण, अरुण, पुढचं म्हण!’

बाबा माझ्याकडे बघत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडातून त्यांना हवं ते बाहेर आलं होतं आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. ते मला दाखवत होते. बघ, मला येतंय. बघ, मी ऐकत होतो. पुढची ओळ घ्यायला त्यांनी तोंड उघडलं.

मी ओला सदरा बादलीत टाकला आणि त्यांच्या खुर्चीपाशी गेले. ‘बाबा,’ मी म्हणाले, ‘आधी सांगायचं, मग गायचं.’

आईला क्षणभर कळलंच नाही. बाबांना कळलं.

‘सांगा ना. तुम्ही हे खरं मानता? शेजारचे ऐकतायत. त्यांची फसवणूक होईल.’

त्यांचे ओठ हलले. ‘ते,’ ते म्हणाले. ‘ते... ते...’ डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटायला लागला. त्यांना सांगायचं होतं. अगदी मनापासून, नियमाप्रमाणे, त्यांना आधी सांगायचं होतं, आणि त्यासाठी लागणारं एकही वाक्य त्यांच्याकडे उरलं नव्हतं. होतं ते फक्त गाणं. आई म्हणाली, ‘प्रज्ञा, अगं काय हे!’ मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याआधी बरं वाटलं, खूप बरं वाटलं, हेही लिहिते. खोटं बोलायचं नाही.

आज गुरुवार होता. बाई आल्या. आईने त्यांना फाटकातच गाठलं. म्हणाली, अरुण गायला, अख्खी ओळ गायला, कुठलंसं नाताळचं गाणं, प्रज्ञाचंच. बाकीचं तिने सांगितलं नाही. बाईंनी आनंदाने टाळ्या वाजवल्या, खुर्ची ओढून बाबांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘चला काका, म्हणा पाहू. कुणी देता का पहिला सूर?’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही एकदा पुढे उभी राहून शेवटच्या बाकाकडे असंच पाहिलं होतं. नुसती मान हलवली तरी पुरलं असतं. बाई वाट बघत होत्या, आई वाट बघत होती. गाणं मला येतं. पहिली ओळ मला एकटीला घ्यायची होती, ती मी अजून घेतलेली नाही.

बाबांनी तोंड मिटून घेतलं. बाई म्हणाल्या, असू दे, कधीकधी एकदाच येतं आणि जातं, आपण पुढच्या आठवड्यात बघू.

मी बादली उचलून दोरीपाशी गेले. त्यांचा पांढरा सदरा वाळला होता आणि खांद्यावर काजळीचा एक तुकडा येऊन बसला होता. मी तो हाताने झटकला.